हयात सुनांची यादी

रविवार, १३ जानेवारी २०१३. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी संगणकावरच्या 'एकत्र करा' या बटणावर टिचकी मारली आणि वाघणकर कुळातली एक बाई कमी झाली. चार हजार तीनशे बाराची चार हजार तीनशे अकरा माणसं झाली.

मला आनंद झाला. ती शेवटची विसंगती होती.

मी स्वतः वाघणकर, पण धाकट्या पातीचा. सव्वीस वर्षं कोल्हापूरच्या एका दैनिकात काढून निवृत्त झालो, त्याला आठ दिवस होत नाहीत तोच अच्युतदादा पेढे घेऊन आले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर आणि कुलमंडळाचे अध्यक्ष. "मुकुंदा, सत्तावन सालचा कुलवृत्तांत आता जुना झाला. नवा काढायचा, संगणकावर. तुला संपादनाची सवय आहे." पेढे खाऊन झाले होते, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही.

कुटुंबाकुटुंबाकडून फॉर्म मागवले. सत्तावनचं पुस्तक होतंच. एक वंशवृक्षाचा प्रोग्रॅम घेतला. तो प्रत्येक माणसाची एक चौकट करी, चौकटींना रेघा जोडी आणि काही जुळलं नाही की लाल त्रिकोण दाखवी. सुरुवातीला सातशे लाल त्रिकोण होते. एक गृहस्थ आजोबांच्या आधी जन्मले होते. मालगुंडच्या एका काकूंना वयाच्या चौथ्या वर्षी जुळे झाले होते. मी एकेक फोन करून ते त्रिकोण उडवत गेलो. छपाईला मंगळवारी संध्याकाळी सहाला फाइल द्यायची होती.

शेवटचा त्रिकोण अच्युतदादांच्याच घरातला निघाला. त्यांनी फॉर्मात लिहिलं होतं: वडील रामचंद्र, आई लक्ष्मी, मृत्यू १९९८. त्यांच्या थोरल्या बहिणीने, इचलकरंजीच्या शैलजाताईंनी लिहिलं होतं: वडील रामचंद्र, आई लक्ष्मी, मृत्यू १९४९. दादांचा जन्म बावन्नचा. म्हणजे बहिणीच्या हिशेबाने आई गेल्यावर तीन वर्षांनी दादा जन्मले. सत्तावनच्या पुस्तकात रामचंद्रांची पत्नी एकच, लक्ष्मी, आणि तिची दोन अपत्यं. प्रोग्रॅम म्हणाला: दुबार नोंद असावी, जुळणी ९४ टक्के. मी दादांना फोन लावला.

"ताईनं घाईत भरला असेल," ते म्हणाले. "एकच ठेव."

मी एकच ठेवली. एका माणसाच्या सांगण्यावर बातमी छापायची नाही, हे सव्वीस वर्षं नव्या पोरांना शिकवत आलेला मी. पण मला जेवायच्या आधी संपवायचं होतं.

मसुद्याची पानं त्याच वेळी सगळ्या घरांना मेलने गेली. चार वाजता दारावरची बेल वाजली. दारात शैलजाताई. वय सहासष्ट, खांद्याला कापडी पिशवी, हातात मुलाने छापून दिलेलं पान.

"मुकुंदा, तुझ्या मशीननं माझी आई खाल्ली."

"बसा तरी, ताई."

"बसते. पाणी दे. आणि मग तिला बाहेर काढ."

पाणी पिऊन त्यांनी सांगितलं ते असं. त्यांची आई त्या दोन वर्षांच्या असताना माहेरी गेली आणि तिथेच तापाने वारली. पुढच्या वर्षी वडिलांनी दुसरं लग्न केलं. त्यांच्या देवघरात लक्ष्मीनारायण. थोरल्या सुनेचं नाव लग्नात लक्ष्मीच ठेवायचं, अशी पद्धत.

"माझी आजी लक्ष्मी, आई लक्ष्मी आणि मग ही आई पण लक्ष्मी."

"आजी पण?"

"मग? तिलाही खाल्लंत की काय?"

मी पाहिलं. आजीचा नवरा वेगळा असल्यामुळे आजी वाचली होती. एकाच नवऱ्याच्या दोन लक्ष्म्या मात्र प्रोग्रॅमला झेपल्या नव्हत्या, आणि मलाही.

"दादा काही बोलले नाहीत," मी म्हणालो.

"अच्युतला काय! त्याची आई आहे चौकटीत. आणि हे बघ, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या वेण्या तिनंच घातल्या. मी सासरी निघाले तेव्हा तिला आवरता आवरेना. पण जिनं जन्म दिला तिची चौकट मला पाहिजे. एवढीशी चालेल."

"कागद काय आहे तुमच्याकडे?"

"कसला कागद?"

"प्रत्येक चौकटीला दोन आधार लागतात. आता माझ्यापुढे दादांचा फॉर्म आणि जुनं पुस्तक एका बाजूला, आणि तुमचा फॉर्म दुसऱ्या बाजूला."

"हा नियम कुणी केला?"

"मी."

"मग मोड."

"मोडला तर मालगुंडच्या काकू परत चौथ्या वर्षी बाळंत होतील."

त्या हसल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्याकडे फोटो नव्हता, दाखला नव्हता. आईचं माहेर कुठलं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "विचारलं की आजोबा ताटावरून उठायचे. मग विचारायचं सोडलं. अविधवा नवमीला एक सवाष्ण जेवायला घालते, एवढंच. चव्वेचाळीस वर्षं झाली."

मी डोकं खाजवलं. दोन्ही आया वेगवेगळ्या लिहिल्या जातील असा कागद कोणता? आणि एकदम आठवलं, नाशिक. रामचंद्रकाका चौऱ्याहत्तर साली गेले, अस्थी नाशिकला नेल्या. तिथले आमचे उपाध्ये आलेल्या प्रत्येक यजमानाची वंशावळ वहीत उतरवून खाली सही घेतात. आणि तर्पणात सावत्र आईलाही पाणी देतात, त्यामुळे ती असली तर गुरुजी विचारणारच.

पाच वाजता सुधाकर गुरुजींना फोन लावला.

"चौऱ्याहत्तर? वही माळ्यावर असेल. उद्या संक्रांत, घाटावर गर्दी. परवा बघतो."

"परवा संध्याकाळी छपाई आहे, गुरुजी."

"तुम्ही वर्तमानपत्रातले ना? उद्या दुपारी फोटो पाठवतो. पण छापताना आमच्या घराण्याचं नाव टाका."

ताई साडेपाचच्या एस.टी.ने गेल्या. जाताना दारातून म्हणाल्या, "परवा अकराला येते. कागद नसला तरी येते."

सोमवारी दुपारी दोन वाजून सतरा मिनिटांनी फोटो आला. पिवळं पान, निळी शाई, अक्षर स्वच्छ. मधल्या ओळी अशा होत्या:

'मी अच्युत. वडील रामचंद्र यांच्या अस्थी घेऊन आलो. आजोबा विष्णू. पणजोबा नारायण. आजी लक्ष्मी. आई लक्ष्मी, हयात. सापत्नमाता लक्ष्मी, हयात. बहीण शैलजा, दिली इचलकरंजीस.'

खाली अच्युतदादांची सही, आजही करतात तशीच, शेवटच्या अक्षराला शेपूट.

मी सापत्नमातेची ओळ तीन वेळा वाचली. ताईंना हवा होता तो कागद मिळाला होता. दोन लक्ष्म्या होत्या. फक्त त्यातली एकोणपन्नास साली वारलेली चौऱ्याहत्तर साली जिवंत होती.

पाचला अच्युतदादा तिळगूळ घेऊन आले. प्रस्तावनेची प्रुफं तपासायची होती. "गोड बोला," म्हणून त्यांनी माझ्या तळहातावर हलव्याचे चार दाणे ठेवले. मी संगणक त्यांच्याकडे वळवला.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे कुणी मागवलं?"

"मी. ताईंना त्यांच्या आईची चौकट हवी आहे."

"पान जपून ठेवलंय म्हाताऱ्या गुरुजींनी," ते म्हणाले. मग म्हणाले, "मुकुंदा, वर्तमानपत्रात फोटो कापून लावतात ना?"

"लावतात."

"मग हा काप. 'सापत्नमाता लक्ष्मी' इथपर्यंत. ताईला चौकट मिळेल. तुझा नियमही राहील."

"आणि पुढचा शब्द?"

"पुढच्या शब्दानं कुणाचं भलं होणार आहे?"

बातमीदारीत एक गोष्ट कळते, आपण गप्प बसलो की समोरचा बोलतो.

"ती शिकायला गेली," दादा म्हणाले. "पुण्याला. नर्सचं होतं की मास्तरणीचं, बाबांनाही धड माहीत नव्हतं. सहा महिने म्हणून गेली. आजोबांनी पत्र घातलं, परत ये. आली नाही. दुसरं घातलं. मग आजोबा म्हणाले, आली नाही ती मेली. आणि करूनच टाकलं सगळं. सुतक, दहावा, तेरावा. गावाला जेवण."

"माणूस जिवंत असताना?"

"आमच्या आजोबांना तू पाहिलं नाहीस. आणि दुसरी अडचण होती. सेहेचाळीस सालीच मुंबई इलाख्यात कायदा आला होता. पहिली बायको जिवंत असताना दुसरं लग्न बेकायदा. बाबांचं दुसरं लग्न पन्नास सालचं." त्यांनी हलव्याचा एक दाणा उचलला आणि परत ठेवला. "आता तूच सांग, तो शब्द छापलास तर माझ्या आईच्या चौकटीत काय लिहिशील? ती बिचारी सोळाव्या वर्षी आली. तिला तरी कुठे माहीत होतं?"

"मग चौऱ्याहत्तर साली तुम्ही हे लिहिलंत कसं?"

"बाबांनी जाण्याआधी सांगितलं. शपथ घातली, ताईला कळू देऊ नको. मी कबूल केलं. नदीवर गुरुजी म्हणाले, सापत्नमाता? मी म्हणालो, हो. ते म्हणाले, तीळ घ्या हातात, पाणी सोडा." दादांनी हात पुढे केला, जणू तीळ घेतलेत. "सुटलं नाही रे. जिवंत माणसाला तिळाचं पाणी कसं देणार? तोंडातून निघून गेलं, ती आहे. त्यांनी लिहून घेतलं. मला वाटलं, कोण बघतंय."

उठताना ते दारात थांबले. "मी उद्या येत नाही. तुला योग्य वाटेल ते कर. म्हणजे, काप."

मंगळवारी अकराला ताई आल्या. मी तोवर फोटोच्या दोन प्रती केल्या होत्या, एक अख्खी, एक कापलेली. कापलेली चांगली दिसत होती. असे फोटो मी शेकड्यांनी छापले असतील.

"मिळाला?" त्यांनी चप्पल काढतानाच विचारलं.

"मिळाला. ताई, त्यात दोन गोष्टी आहेत. एक तुम्ही मागितलेली, एक न मागितलेली. मागितलेली तेवढीच दाखवू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एस.टी.त माझं अर्धं तिकीट लागतं मुकुंदा, म्हणून कागदही अर्धा देतोस?"

मी अख्खा उघडला.

त्यांनी पर्समधून चष्मा काढला आणि स्क्रीनला नाक लावून वाचलं. 'सापत्नमाता लक्ष्मी' वाचताना त्यांचा चेहरा उजळला. बोट पुढच्या शब्दावर गेलं आणि तिथेच राहिलं.

"हे अच्युतच्या आईबद्दल आहे?"

"तिची ओळ वरची."

"मग ही..."

"हो."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. माझी बायको बाहेर येऊ पाहत होती, मी मानेनं नको म्हटलं. ताई म्हणाल्या, "चौऱ्याहत्तर साली मी सत्तावीसची. त्याच वर्षी माझा धाकटा झाला." मग थोड्या वेळाने, "आणि दर नवमीला मी कुणाला जेवायला घालतेय?"

तेवढ्यात दार वाजलं. येत नाही म्हणालेले अच्युतदादा आले होते. दाढी न करता. ताईंनी मान वळवली नाही.

"अच्युत, ये. तुझी सही छान आहे."

"ताई, बाबांनी शपथ घातली होती."

"गुरुजींना सांगताना नव्हती?"

"तिथे खोटं बोलवेना."

"म्हणजे नदीवर खरं आणि घरी खोटं. एकोणचाळीस वर्षं! राखी बांधून घेताना काही वाटलं नाही?"

"वाटायचं. म्हणून तर पाकीट जाड द्यायचो."

मला वाटलं आता काही तरी फुटेल. ताई हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. दादा उभेच. त्यांना बसायला सांगायचं मी विसरलो होतो. उभ्या उभ्याच त्यांनी पुणं, आजोबांची पत्रं, तेरावा, सेहेचाळीसचा कायदा, सगळं ताईंना सांगितलं.

"कुठे असते ती?" ताईंनी विचारलं.

"माहीत नाही. देवाशपथ. बाबांना दर दिवाळीला एक कार्ड यायचं, ऑफिसच्या पत्त्यावर. त्यावर नाव नाही, गाव नाही. शिक्का कधी बेळगावचा, कधी धारवाडचा. बाबा गेल्यावर ते बंद झालं."

"कार्डात काय लिहायची?"

"'मुलगी बरी आहे ना?' एवढंच."

ताईंनी पदराने डोळे पुसले. मग पिशवीतून तिळाच्या वड्यांचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि एकदम कामाला लागल्यासारख्या म्हणाल्या, "मुकुंदा, सहाला फाइल द्यायची ना तुला? लिही. रामचंद्र. डावीकडे लक्ष्मी, उजवीकडे लक्ष्मी. डावीच्या खाली मी, उजवीच्या खाली अच्युत. लग्नाची सालं दोघींचीही गाळ."

"लग्नाची सालं सगळ्यांची आहेत पुस्तकात," मी म्हणालो.

"असू देत. अच्युतच्या आईकडे कुणी बोट दाखवायचं नाही. मी तिच्या हातचं जेवले."

दादांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. समोर नुसती भिंत होती.

"जन्म?" मी विचारलं.

"मी झाले तेव्हा ती सतराची, एवढं आजी एकदा बोलली होती. तीस साल धर."

"मृत्यू?"

ताईंनी स्क्रीनकडे पाहिलं. "तुझ्या नियमानं सांग. कागद आहे का?"

"नाही."

"मग मोकळं सोड."

मी मोकळं सोडलं. फाइल सहाला दहा मिनिटं असताना गेली.

मोकळं सोडल्याचा परिणाम मला ठाऊक असायला हवा होता. ज्याच्या मृत्यूची तारीख नाही, त्याला तो प्रोग्रॅम एकशे दहा वर्षं पुरी होईपर्यंत जिवंत धरतो. कुलसंमेलन १० फेब्रुवारीला होतं. ऐंशी ओलांडलेल्या हयात सुनांचा सत्कार करायचं मंडळाने ठरवलं होतं, आणि ती यादी मी प्रोग्रॅममधूनच काढून निवेदिकेच्या हातात दिली. अकरा नावं. वाचून पाहिली नाहीत. एवढं सगळं होऊनही.

सभागृहात चारशे माणसं होती. एकेक म्हातारी सुनेच्या, नातीच्या आधाराने वर येत होती, शाल-श्रीफळ घेत होती. मालगुंडच्या काकूंना टाळ्या सर्वांत जास्त पडल्या. आणि मग ध्वनिक्षेपकावरून आवाज आला:

"यानंतर श्रीमती लक्ष्मी रामचंद्र वाघणकर, वय वर्षं त्र्याऐंशी!"

कुणी उठलं नाही. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. "अगं, त्या तर अठ्ठ्याण्णवला गेल्या." "कोण छापतं हे?" निवेदिकेने नाव पुन्हा वाचलं, मोठ्याने. अध्यक्ष म्हणून शाल हातात घेऊन अच्युतदादा मंचावर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीवरून अर्धा उठलो. आता माइक घेऊन 'चूक झाली, क्षमस्व' म्हणायचं. आयुष्यभर मी तेच छापत आलो होतो, आतल्या पानावर, तळाला.

त्याआधीच तिसऱ्या रांगेतून शैलजाताई उठल्या. पदर खांद्यावरून घेतला, चष्मा नीट केला आणि पायऱ्या चढून वर गेल्या.

"आपण लक्ष्मीबाईंच्या कोण?" निवेदिकेने माइक पुढे केला.

"मुलगी."

"आई आल्या नाहीत?"

"नाही," ताई म्हणाल्या. "तिला यायला जमलं नाही."

दादांनी शाल त्यांच्या खांद्यावर घातली आणि नारळ हातात दिला. मग चारशे माणसांसमोर ते वाकून बहिणीच्या पाया पडले. कार्यक्रमात ते नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय चाललंय हे कळलेली माणसं सभागृहात तीनच होती.

त्याला आता बारा वर्षं झाली. अच्युतदादा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. ताई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. त्यांनी अविधवा नवमीचं जेवण तेव्हाच बंद केलं आणि दिवाळीला बेळगाव आणि धारवाडच्या नर्सिंग शाळांना, अध्यापिका विद्यालयांना पत्रं घालायला लागल्या. काहींची उत्तरं आली. जुनी रजिस्टरं राहिली नाहीत, असं सगळ्यांनी कळवलं. मी वंशवृक्ष इंटरनेटवर चढवला, एवढाच माझा हातभार.

गेल्या गुरुवारी त्यावर एक निरोप आला. नाव कानडी वळणाचं, गाव गदग. मराठी मोडकंतोडकं. 'आपल्या झाडात लक्ष्मी, जन्म १९३०, रामचंद्र यांची पत्नी, आहेत. माझ्या आजीविषयी बोलायचं आहे.' खाली मोबाइल नंबर. जास्त काही नाही.

मी ताईंना कळवलं. फोन मी करू का, विचारलं. "तू नको," त्या म्हणाल्या. "तू कागद मागशील."

काल सकाळी नऊ वाजता त्यांनी त्या नंबरवर फोन केला. रिंग पूर्ण वाजली, कुणी उचलला नाही. नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी त्याच नंबरवरून ताईंना फोन आला. त्या वेळी त्या अंघोळीला गेल्या होत्या.